हुकूमनाम्याचे पैसे परस्पर भरलेत? दरखास्त अजून जिवंत आहे

वसुलीच्या दाव्यात हुकूमनामा, म्हणजे पैसे भरण्याचा कोर्टाचा निकाल, झाला की बेलिफाच्याही आधी दारात एक मध्यस्थ उभा राहतो. निम्म्या रकमेत मिटवून देतो म्हणतो, रोख घेतो, साध्या कागदावर ‘हिशेब पूर्ण’ असं लिहून देतो आणि जाताना सांगतो, ‘आता कोर्टात जायची गरज नाही.’ खरी मेख या शेवटच्या वाक्यात आहे. वर्ष-दोन वर्षांनी पगारावर जप्ती येते, तीही पूर्ण रकमेची.

तेव्हा तो कागद कामाला येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 21, नियम 2 प्रमाणे कोर्टात नोंद न झालेला भरणा दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, चालवणारं कोर्ट विचारातच घेत नाही. नोंदीसाठी ऋणको, म्हणजे पैसे देणं लागणारा, स्वतः अर्ज करू शकतो, पण पैसे दिल्यापासून 30 दिवसांत. उलट हुकूमनाम्याची अंमलबजावणी 12 वर्षं मागता येते, त्यामुळे समोरच्याला घाई नसते.

पैसे कोर्टात जमा करा, नाहीतर बँकेतून थेट हुकूमनामेदाराच्या (ज्याच्या बाजूने हुकूमनामा झाला त्याच्या) खात्यावर पाठवा आणि वर सांगितलेली नोंद करून घ्या. मध्यस्थाच्या हातात नको, मग तो वकिलाचा कारकून का असेना. कमी रकमेवर तडजोड ठरली तर दोन्ही बाजूंच्या सहीची पुरसिस (कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन) दाखल करून घ्या. शेवटचा हप्ता त्याच दिवशी द्या, आधी नाही. दरखास्त निकाली निघाल्याच्या आदेशाची सही-शिक्क्याची नक्कल हाती येईपर्यंत प्रकरण संपलं असं धरू नका.

माणूस घाईने पैसे देतो तो भीतीपोटी. ‘उद्या अटक, घरातली भांडीसुद्धा उचलणार’ हे ठरलेलं वाक्य. प्रत्यक्षात स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, गरजेचे कपडे, कारागिराची हत्यारं यांना कलम 60 चं संरक्षण आहे. पगारातले पहिले 1,000 रुपये आणि उरलेल्याचे दोन-तृतीयांश सुटतात. जप्तीसाठी धरायचा पगार 31,000 असेल तर महिन्याला जास्तीत जास्त 10,000 कापले जातात, तेही एका हुकूमनाम्यासाठी एकूण 24 महिनेच. सूर्यास्तानंतर जप्तीसाठी राहत्या घरात शिरता येत नाही. पैशाच्या हुकूमनाम्यात स्त्रीला अटक करता येत नाही.

समन्स न मिळता एकतर्फी हुकूमनामा झाला असेल, तर तो कळल्यापासून 30 दिवसांत रद्द करण्याचा अर्ज द्या. आणि मध्यस्थाने दाखवलेल्या ‘वॉरंट’वर विसंबू नका, त्यावरचा सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र क्रमांक) ई-कोर्ट्स या कोर्टांच्या संकेतस्थळावर टाकून बघा. तिथे प्रकरण सापडलं नाही, तर संबंधित कोर्टाच्या कार्यालयात जाऊन खात्री करेपर्यंत एक रुपयाही देऊ नका.