जुन्या गाडीची वायरिंग: मल्टिमीटर घ्यावा की टेस्ट बल्ब?

गाडी कार्ब्युरेटरच्या काळातली असेल तर स्कॅनरचा (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणाऱ्या यंत्राचा) विचार सोडा, तो लावायला सॉकेटच नसतं. मग उरतात दोन वस्तू: व्होल्ट, अँपिअर, ओहम मोजणारा डिजिटल मल्टिमीटर, किंवा होल्डरमध्ये गाडीचा 21 वॅटचा बल्ब बसवून त्याला दोन वायरी जोडलेला, घरी बनवलेला टेस्ट लॅम्प. दोन्ही मी वापरतो. आधी काय घ्यावं असं विचारलंत तर माझं मन एका बाजूला झुकतं, आणि त्याला कारण एक बिघाड आहे.

माझी गाडी 1996ची. रात्री लातूरहून अंबाजोगाईला जाताना रेणापूर ओलांडलं आणि लक्षात आलं, की ब्रेक दाबला की डॅशबोर्डवरचा डावा बाण मंद उजळतोय. इंडिकेटर बंद होता. घरी येऊन पाहिलं तर मागचा डावा ब्रेक लाइट अंधूक आणि त्याच्या शेजारचा इंडिकेटरही थोडा लाल झालेला.

तीन संध्याकाळी मी मीटर घेऊन बसलो. फ्यूज ठीक. बल्ब काढून होल्डरला प्रोब लावला, ब्रेक दाबायला मुलाला बसवलं, तर 12.3 व्होल्ट. अर्थ, म्हणजे गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या मायनसला जाणारी करंटची परतीची वाट, तपासायला मीटर बझरवर (वाट जोडलेली असली की वाजतो तो) ठेवला, एक प्रोब होल्डरला, दुसरा बॉडीला. टीं वाजलं. म्हणजे अर्थ चांगला, असं धरून मी पुढे गेलो, अख्खा ब्रेक स्विच उघडला, स्टिअरिंगखालची जोडणी उपसली. त्या टीं आवाजाने माझ्या तीन संध्याकाळी खाल्ल्या, आणि ती चीड अजून जात नाही.

चौथ्या दिवशी ओळखीच्या मिस्त्रींना बोलावलं. ते म्हणाले, "मीटर ठिवा बाजूला, सर. बल्बला विचारू." त्यांनी टेस्ट बल्बची एक वायर बॅटरीच्या प्लसवरून लांब वायरीने आणली, दुसरी मागच्या दिव्याच्या अर्थला टेकवली. बल्बची तार जेमतेम लाल झाली. तीच वायर शेजारच्या उघड्या पत्र्यावर टेकवल्यावर लख्ख उजेड. डिकीच्या रबरातून पाणी झिरपून अर्थच्या स्क्रूखाली गंज धरला होता. पॉलिश पेपरने घासलं, स्क्रू आवळला, वर व्हॅसलीन लावलं, आणि बाण उजळायचा थांबला.

असं का होतं? बहुतेक मीटरचा बझर वाटेत तीस-चाळीस ओहमचा रोध, म्हणजे करंटला अडथळा, असला तरी वाजतो. 21 वॅटच्या पेटलेल्या बल्बचा स्वतःचा रोध साधारण 7 ओहम. वाटेत 20 ओहमचा गंज बसला तर दिवा मरतो, पण बझरला सगळं ठीकच वाटतं. अर्थ न मिळालेला करंट मग इंडिकेटरच्या तारेतून उलटा फिरून पुढच्या दिव्याच्या अर्थवर जातो, म्हणून ब्रेकवर बाण उजळतो. व्होल्टेज मोजतानाही तसंच: मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही, त्यामुळे सडक्या जोडावरही 12 दाखवतो. बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो, तिथे लपवाछपवी चालत नाही.

मीटरची बाजू घेणारे म्हणतील, दिवा चालू ठेवून बॅटरीचा मायनस आणि होल्डरचा अर्थ यांच्यामधला व्होल्टेज बघायचा होता. बरोबर आहे. अर्धा व्होल्ट जरी दिसला असता तरी दोष सापडला असता. ज्याला ही सवय आहे त्याला मीटर पुरेसा व्हावा. मला नव्हती, आणि नवशिक्याला सहसा नसते असं वाटतं.

काही कामं मात्र मीटरशिवाय होत नाहीत. रात्रीत बॅटरी उतरत असेल तर मायनसच्या वायरीत अँपिअर मोजून एकेक फ्यूज काढायचा; 50 मिलिअँपिअरच्या वर गळती असेल तर शोध घ्यावा. इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर 13.8 ते 14.4 व्होल्ट देतोय का, हे बल्ब सांगू शकत नाही. आणि इंजेक्शनच्या (कार्ब्युरेटरऐवजी कॉम्प्युटर इंधन सोडतो अशा) गाडीत कॉम्प्युटरच्या, सेन्सरच्या किंवा एअरबॅगच्या वायरीला असला बल्ब टेकवायचाच नाही. तो ओढतो तेवढा करंट त्या सर्किटला झेपत नाही.

बल्बचा आणखी एक त्रास आपल्याकडे जास्त: मेच्या दुपारी मंद उजेड दिसतच नाही. लिंबाखाली सावलीत किंवा सांज झाल्यावर बसावं लागतं. आणि तो तापतो, सीटवर ठेवू नका.

माझ्या डिकीत आता दोन्ही आहेत. मीटर पेटीत असतो. बल्ब मात्र वर, फडक्यात गुंडाळलेला, सोबत मागून पुढे पोहोचेल एवढी पंधरा फूट वायर. सुरुवात एकाच वस्तूने करायची असेल आणि गाडी माझ्यासारखी असेल, तर होल्डर, बल्ब आणि दोन क्लिपा आणा. मीटर महिन्याभराने घेतला तरी चालेल.