मरिनर्स मिरर : अकरा दिवसांची चूक पकडणारं नियतकालिक

मी अलिबागला राहते आणि कॉलेजात इतिहास शिकवते. ओहोटीला मुलांना चालत कुलाब्याच्या किल्ल्यात नेते, आंग्र्यांच्या गुराबांबद्दल (म्हणजे मोठी लढाऊ जहाजं), गलबतांबद्दल सांगते. त्यातूनच एक निबंध झाला आणि तो मी ब्रिटनच्या 'मरिनर्स मिरर'ला पाठवला. मोडी वाचणारी ओळखीची मंडळी तिथल्या अनुभवाबद्दल विचारत असतात, म्हणून हे लिहिते आहे.

'सोसायटी फॉर नॉटिकल रिसर्च' ही सागरी इतिहासाचा अभ्यास करणारी संस्था १९१० ची. तिचं हे त्रैमासिक १९११ साली सुरू झालं, आता ते टेलर अँड फ्रान्सिस ही प्रकाशनसंस्था छापते. निबंध छापायचे पैसे घेत नाहीत. तो सर्वांना खुला वाचता यावा असं वाटत असेल तरच फी लागते. हे मुद्दाम सांगते, कारण त्याआधी मी दुसऱ्या एका ठिकाणी निबंध पाठवला होता. तिसऱ्या दिवशी 'स्वीकृत' असा मेल आला, त्याला बिल जोडलेलं, आणि मजकुराबद्दल एक शब्द नाही. प्रमोशनसाठी पेपर मोजले जातात तेव्हा असल्या दुकानांचा मोह होतो. मी पैसे भरले नाहीत.

'मरिनर्स मिरर'मध्ये निबंध आधी संपादक वाचतात. त्यांना योग्य वाटला तर तो लेखकाचं नाव काढून परीक्षकांकडे जातो. परीक्षक कोण हे लेखकाला कळत नाही, लेखक कोण हे परीक्षकांना कळू द्यायचं नाही. म्हणून तळटीपांतले 'माझ्या आधीच्या लेखात' असे उल्लेख काढावे लागतात. वर्ड फाइलच्या प्रॉपर्टीजमध्येही आपलं नाव राहून जातं, तेही पुसायचं. मी ते विसरणारच होते.

काही महिन्यांनी दोन परीक्षकांचे अहवाल आले. पहिल्याने विचारलं होतं : गुराब दीडशे ते तीनशे टनांची, गलबत सत्तर टनांच्या आतलं, हे आकडे तुम्ही कुठून घेतले? मी चार आधुनिक पुस्तकांचे दाखले दिले होते. त्या चारही पुस्तकांनी आकडे अठराव्या शतकातल्या रॉबर्ट ऑर्म या एकाच इंग्रज इतिहासकाराकडून उचलले होते. चार साक्षीदार म्हणून उभे केले, पण साक्ष एकाचीच होती. त्याने पुढे लिहिलं होतं, 'तुमच्याकडे मोडी कागद आहेत, ते काय सांगतात?' हा प्रश्न मी स्वतःला आधीच विचारायला हवा होता.

दुसऱ्या परीक्षकाने तर मला घामच फोडला. डिसेंबर १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले. मुंबईच्या इंग्रजी कागदांतल्या तारखा जुन्या (ज्युलियन) पंचांगाच्या, कारण इंग्लंडने नवं (ग्रेगोरियन) पंचांग १७५२ साली स्वीकारलं. पोर्तुगालने ते १५८२ पासूनच वापरलं. त्यामुळे एकच घटना दोन्हीकडे अकरा दिवसांच्या फरकाने येते. मी ते न जुळवता एकाच हल्ल्याचे दोन हल्ले करून ठेवले होते! तसंच छापून आलं असतं तर पुढच्या कुणीतरी ते विश्वासाने उचललं असतं. ज्याने हे पकडलं त्या माणसाचे आभार मानायला मला त्याचं नावही माहीत नाही, हे मनाला लागून राहिलं आहे.

दुरुस्त्या करायला मला दोन महिने लागले. प्रत्येक शंकेला वेगळं उत्तर लिहून द्यायचं. पटलं नसेल तर का पटलं नाही तेही सांगायचं. एका जागी मी परीक्षकाशी सहमत नव्हते. मोडी मजकुराचं देवनागरी लिप्यंतर देऊन कारण मांडलं, ते मान्य झालं. पुढे भाषेची तपासणी, प्रूफ. नकाशा छापायचा तर त्याची परवानगी लेखकानेच मिळवायची, ते काम शेवटावर ठेवू नका. छापून आल्यावर पन्नास जणांना फुकट वाचता येईल अशी लिंक मिळते. त्या पन्नासातल्या बऱ्याच जागा माझ्या विद्यार्थ्यांकडे गेल्या.

घाई असेल त्यांनी इथे जाऊ नये. पण एखादाच कागद किंवा एखादाच शब्द हाती लागला असेल, तर पूर्ण निबंधाची वाट पाहू नका, छोट्या टिपणांसाठी तिथे वेगळा विभाग आहे. मी सध्या 'तांडेल' (जहाजावरच्या खलाशांचा म्होरक्या) या शब्दावर टिपण लिहिते आहे, आणि या वेळी तारखा आधी जुळवल्या आहेत.