फाइल लहान झाली, पण बिलाचे पैसे भलत्याच खात्यात गेले

नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत आमचा शीट मेटलचा छोटा कारखाना आहे. मिस्टर आणि भावोजी शॉप बघतात, बिलं आणि वसुली माझ्याकडे. 2024च्या दिवाळीआधी पुण्याच्या एका जुन्या ग्राहकानं आमचं जीएसटीसकट 4,72,000 रुपयांचं बिल चुकतं केलं, आणि त्यातला एक रुपयाही आमच्या खात्यात आला नाही. कुठल्याही लहान ऑफिसात हे घडू शकतं, म्हणून सविस्तर लिहिते.

सुरुवात अगदी साध्या गोष्टीपासून झाली. ड्रॉइंग, टेस्ट सर्टिफिकेट, पॅकिंगचे फोटो असं सगळं एकत्र करून ग्राहकाला पाठवायचं होतं. पीडीएफ चाळीस एमबीच्या वर गेली. जीमेलवर 25 एमबीपेक्षा मोठी फाइल जोडता येत नाही. ऑफिसच्या लॅपटॉपवर फाइल लहान करायचं सॉफ्टवेअर शोधलं, तर सगळ्यात वर एक लिंक आली. ती जाहिरात होती. बारीक अक्षरात ‘प्रायोजित’ असं लिहिलेलं असतं, बाकी दिसायला इतर लिंकांसारखीच. सॉफ्टवेअर उतरवलं, फाइल टाकली, ती खरंच लहान झाली आणि मेल गेली.

अशी फसवी सॉफ्टवेअरं बनवणारी माणसं कबूल केलेलं काम चोख करून देतात, म्हणून कुणाला शंका येत नाही. त्या सॉफ्टवेअरसोबत आलेल्या दुसऱ्या प्रोग्रामनं ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड उचलले, आणि त्याहून वाईट म्हणजे चालू लॉगिनच्या कुकीज उचलल्या. आपण रोज मेल उघडतो तेव्हा दरवेळी पासवर्ड विचारला जात नाही, तो या कुकीमुळेच. तीच चोराच्या हाती पडली की त्याला पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही. आमच्या मोबाइलवर एकही मेसेज आला नाही.

चोर आमची मेल निवांत वाचत बसला. कुठलं बिल कधी निघतं, कोण कुणाला काय म्हणून लिहितं, सगळं त्यानं पाहून घेतलं. त्या ग्राहकाची उत्तरं इनबॉक्समध्ये न येता परस्पर आर्काइव्हमध्ये जातील असा फिल्टरही लावला. मग आमच्याच पत्त्यावरून ग्राहकाला मेल गेली की ऑडिटमुळे जुनं खातं सध्या बंद आहे, सोबत सुधारित बिल जोडलं आहे.

पैसे आले नाहीत म्हणून मी त्यांच्या अकाउंट्समध्ये फोन केला. तिथले भाऊ म्हणाले, “मॅडम, पेमेंट तर सोमवारीच केलं. नवीन खातं तुम्हीच कळवलंत ना?” मी म्हटलं, ते बिल मला आत्ता पाठवा.

बिल आमचंच होतं. लेटरहेड, जीएसटी क्रमांक, बिल क्रमांक, रक्कम, सगळं खरं. बदलल्या होत्या फक्त दोन ओळी. स्क्रीनवर मोठं करून पाहिलं तेव्हा खाते क्रमांकाचे आकडे बाकीच्या आकड्यांपेक्षा किंचित जाड दिसले, फॉन्ट वेगळा होता. आयएफएससी कोडच्या पहिल्या चार अक्षरांवरून बँक कळते. आमचं खातं सहकारी बँकेत, आणि तिथे एका खासगी बँकेची अक्षरं होती.

आमच्या पीडीएफला लॉक होतं. पण कुलपं दोन प्रकारची असतात, हे बहुतेक दुकानदारांना कुणी सांगतच नाही. उघडण्यासाठी पासवर्ड लावला तर आतला मजकूर खरोखर कूटबद्ध होतो. फाइल उघडते पण बदलता येत नाही, असं जे लॉक असतं ती नुसती सूचना असते. ती पाळायची की नाही हे समोरच्या सॉफ्टवेअरवर असतं, आणि न पाळणारी सॉफ्टवेअरं फुकट मिळतात. बिलात कुणी फेरफार केला तर तो कळावा यासाठी डिजिटल सही लागते. टेंडरसाठी घेतलेलं डीएससी टोकन, म्हणजे डिजिटल सही करायचं पेनड्राइव्हसारखं उपकरण, आमच्या ड्रॉवरमध्येच होतं. आता प्रत्येक बिल त्यानं सही होऊन जातं. सहीनंतर मजकूर बदलला, तर पीडीएफ उघडताना सही अवैध असल्याचं दिसतं.

त्याच दुपारी ग्राहकाकडून त्यांच्या बँकेला कळवलं, 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली. काही रक्कम दुसऱ्या खात्यात गोठवली गेली, ती कोर्टाच्या आदेशानंतर परत मिळाली. उरलेली तोपर्यंत खात्याखात्यांतून पुढे गेली होती. तो तोटा आम्ही आणि ग्राहकानं वाटून घेतला. इतक्या वर्षांच्या संबंधात किती कडवटपणा आला, ते सांगवत नाही.

पुढे मार्च 2025 मध्ये एफबीआय या अमेरिकी तपास यंत्रणेच्या डेन्व्हर कार्यालयानं याच प्रकाराबद्दल जाहीर इशारा दिला, की फुकट फाइल कन्व्हर्टर काम करून देतात आणि सोबत मालवेअर, म्हणजे असं चोरटं सॉफ्टवेअर, घुसवतात. म्हणजे हे फक्त आपल्याकडचं दुखणं नाही.

फाइल लहान करायला नेटवर जायची बहुतेक वेळा गरजच नसते. पीडीएफ फुगते ती फोटोंमुळे. स्कॅन करतानाच रंगीतऐवजी ग्रे आणि 150 डीपीआय ठेवलं तरी अक्षरं स्वच्छ वाचता येतात. वर्डमध्ये पीडीएफ म्हणून सेव्ह करताना कमीत कमी आकाराचा पर्याय असतो. लिबरऑफिस फुकट आहे, मात्र ते त्याच्या मूळ साइटवरूनच घ्या. त्यात पीडीएफ एक्स्पोर्ट करताना चित्रांचं रिझोल्यूशन कमी करता येतं आणि तिथेच सुरक्षेच्या टॅबमध्ये उघडण्याचा पासवर्डही लावता येतो. हे सगळं नेट बंद असतानाही होतं. आधार, पॅन, बँक स्टेटमेंट अशा फाइली तर कुठल्याही अनोळखी साइटवर चढवूच नका.

एप्रिल 2025 पासून एनईएफटी आणि आरटीजीएस करताना खातेदाराचं नाव आधी पाहण्याची सोय रिझर्व्ह बँकेनं बँकांना द्यायला लावली आहे. आमच्या वेळी ती असती तर नाव पाहूनच पुण्याचे भाऊ थांबले असते. आम्ही सगळ्या ग्राहकांना ते नाव वाचायला सांगतो, आणि खातं बदलल्याची मेल आली तर जुन्याच नंबरवर फोन करायलाही.

तुमच्याकडे असं काही झालं असेल, तर ग्राहकाशी वाद नंतर घाला, आधी 1930 लावा. मग दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून मेलचा पासवर्ड बदला, सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट करा आणि सेटिंगमधले फिल्टर व फॉरवर्डिंग तपासा. ज्या लॅपटॉपवर ते सॉफ्टवेअर होतं तो फॉरमॅट करायचाच आहे, पण आधी सायबर पोलिसांना विचारा. चोराची मूळ मेल आणि ते बदललेलं बिल डिलीट करू नका. नुसतं फॉरवर्ड करूनही भागत नाही, कारण ती कुठून आली याचा तपशील मूळ मेलच्या हेडरमध्येच, म्हणजे एरवी न दिसणाऱ्या तांत्रिक नोंदींमध्येच असतो.