रिटायर झाल्यावर फील्डच्या माणसांशी नातं: असोसिएशन, व्हॉट्सअॅप ग्रुप, रीयुनियन की मुलाखत?

युनिसेफ, डब्ल्यूएचओ, रेड क्रॉस, एमएसएफ (डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स) अशा ठिकाणी आयुष्य फील्डवर काढून जी मंडळी आता पुण्या-मुंबईत किंवा मुलांकडे न्यू जर्सीला राहतात त्यांच्याकडून एक प्रश्न हल्ली सारखा ऐकायला मिळतो, की जुन्या टीमशी संपर्क ठेवायचाय, आठवणीही वाया जाऊ द्यायच्या नाहीत, मग नेमकं कशात पडू? घरी बोलायला बसलं तर जुबा कुठे आणि गोमा कुठे हे सांगण्यातच निम्मा वेळ जातो, त्यामुळे न सांगता समजणारी माणसं लागतातच. पण माझ्या मते संपर्क ठेवणं आणि आठवणी जपणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि एकच पर्याय दोन्ही करेल असं धरून चाललं की दोन्ही अर्धवट राहतात.

असोसिएशनचं आधी. यूएनची पेन्शन असेल तर सरळ सभासद व्हा. न्यूयॉर्कची आफिक्स, म्हणजे यूएनच्या निवृत्तांची संघटना, 1970 पासून आहे, आणि जगभरच्या अशा संघटनांची फाफिक्स ही फेडरेशन 1975 ची, तिचे प्रतिनिधी पेन्शन बोर्डाच्या बैठकीला बसतात, मत देता येत नसलं तरी निवृत्तांची बाजू मांडतात. खरा उपयोग मात्र छोट्या गोष्टीत होतो. पेन्शन फंडाला दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो पोचला नाही तर पैसे थांबू शकतात, आणि 2021 पासून तो मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो, आता ऐंशीच्या घरातल्या माणसाला नवीन फोनवर हे जमलं नाही तर याच वाटेने आधी गेलेला सहकारी फार कामाला येतो. आपल्या माघारी जोडीदाराच्या पेन्शनचं काय करायचं, कुणाला कळवायचं, हेही तिथे कळतं, म्हणून असोसिएशनचा नंबर घरच्यांकडे आजच देऊन ठेवा. एमएसएफवाल्यांचं वेगळं, त्यांच्या असोसिएशनमध्ये माजी कर्मचारीही सभासद होऊ शकतात आणि वार्षिक सभेत मतदान करतात, म्हणजे संस्था कुठे चालली आहे यावर अजूनही बोलता येतं. आठवणींच्या बाबतीत मात्र असोसिएशनकडून फार अपेक्षा ठेवू नका, न्यूजलेटरमध्ये एखादा लेख आणि श्रद्धांजल्या, बस.

व्हॉट्सअॅप ग्रुपला लोक नावं ठेवतात, मला ते पटत नाही. एप्रिल 2023 मध्ये सुदानच्या खार्टुममध्ये लढाई पेटली तेव्हा तिथला जुना अकाउंटंट कुटुंबासकट सुखरूप बाहेर पडला का, हे असल्या ग्रुपवरच कळू शकतं, न्यूजलेटर तीन महिन्यांनी येणार. आणि दुसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, ड्रायव्हर, दुभाषे, वॉचमन, लसीचे डबे वाहणारी पोरं, ही लोकल स्टाफची माणसं असोसिएशनमध्ये क्वचित दिसतात, रीयुनियनला येऊ शकत नाहीत, पण ग्रुपवर असतात, व्हॉइस मेसेज पाठवतात. मात्र ग्रुपवरच्या गोष्टी टिकत नाहीत. तीस वर्षांपूर्वीचा कॅम्पचा फोटो कुणी टाकतो, खाली पटापट नावं येतात, आणि दुसऱ्या दिवशी ते सगळं गुड मॉर्निंगच्या खाली गाडलं जातं. असा फोटो आला की लगेच सेव्ह करा, आणि नावं, गाव, साल वेगळं लिहून ठेवा.

रीयुनियन महाग पडतं, गुडघे साथ देत नाहीत, आणि अफगाण किंवा दक्षिण सुदानी सहकाऱ्याला व्हिसा मिळणं मुश्किल. तरीही एकदा तरी करा, कारण समोरासमोर बसल्यावर एकाचं वाक्य दुसरा पुरं करतो. अटलांटाला 2006 मध्ये जमलेल्या देवी निर्मूलनाच्या जुन्या लोकांनी फार चांगलं केलं, पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या मोहिमेला चाळीस वर्षं झाली म्हणून भेटले आणि त्याच वेळी मुलाखतीही रेकॉर्ड केल्या, त्या आज ग्लोबल हेल्थ क्रॉनिकल्स या वेबसाइटवर कुणालाही वाचता-ऐकता येतात.

आता मुलाखत. यात सगळ्यात जास्त मेहनत आहे, आणि हेच सगळ्यात जास्त टिकतं. अमेरिकेत एडीएसटी ही संस्था 1986 पासून राजनैतिक अधिकाऱ्यांच्या आणि परदेशांना सरकारी मदत पोचवणाऱ्या यूएसएडच्या लोकांच्या मुलाखती घेते, मजकूर छापण्याआधी ज्याची मुलाखत त्याला तपासायला देते. पीस कोअरवाल्यांच्या, म्हणजे अमेरिकी सरकारने परदेशात पाठवलेल्या स्वयंसेवकांच्या, आठवणी बॉस्टनच्या केनेडी लायब्ररीत आहेत, त्यांचे लोक 1961 ते 1976 आपल्याकडेही होते, काही तर मराठी शिकून महाराष्ट्रात राहिले. यूएनमध्ये काम केलेल्या ब्रिटिशांचे कागद ऑक्सफर्डचं बॉडलियन हे ग्रंथालय जपतं. पण यातलं काहीच मराठी माणसासाठी केलेलं नाही, त्यामुळे आपलं आपणच करायचं. फोनवर रेकॉर्डर लावा, भाचीला किंवा नातवाला प्रश्न विचारायला बसवा, आणि मराठीत बोला, ऑफिसच्या इंग्रजीत बोलायला लागलं की माणूस रिपोर्ट दिल्यासारखं बोलतो. त्यातून एखादा चांगला लेख निघाला तर दिवाळी अंक आहेतच, 1909 पासून आपण हेच वाचत आलोय.

एक काळजी मात्र घ्या. यूएनच्या नियमांप्रमाणे गोपनीयतेचं बंधन नोकरी संपल्यावरही सुटत नाही, आणि नियम नसता तरी अत्याचार झालेल्या बाईचं नाव किंवा उपाशी पोराचा ओळखू येणारा फोटो आपण आठवण म्हणून फिरवू नये.

मग ठरवायचं कसं? पेन्शन, इन्शुरन्सची चिंता असेल तर आधी असोसिएशन. एकटं वाटतंय, बोलायला कुणी नाही, तर ग्रुप, आज संध्याकाळीच. तब्येत किंवा स्मरणशक्ती डगमगायला लागली असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी रेकॉर्डिंग, सभासदत्व पुढच्या वर्षीही मिळेल. आणि रेकॉर्डिंग करणार असाल तर त्यात लोकल स्टाफची नावं घ्या, शक्य असेल तर त्यांनाच फोन लावून त्यांच्या परवानगीने त्यांचंही रेकॉर्ड करा. बिहारमध्ये 1974 ला देवीची साथ आली तेव्हा घरोघर जाऊन रुग्ण शोधणारे हजारो लोक इथलेच होते, मोठ्या अर्काइव्हमध्ये आवाज मात्र जास्त करून बाहेरून आलेल्यांचे आहेत.