बंद शाळेची भरलेली पावती : पुण्यातील एका विनाअनुदानित शाळेविषयी पालकाचा अभिप्राय

पुण्याच्या पश्चिमेकडील एका विनाअनुदानित इंग्रजी माध्यमाच्या शाळेत माझी मुलगी पहिलीपासून शिकते आहे आणि अजूनही तिथेच आहे, त्यामुळे शाळेचे नाव येथे लिहीत नाही. इमारत, मैदान आणि दहावीचा निकाल यांची माहिती कोणत्याही माहितीपत्रकात सापडते. त्यासाठी अभिप्रायाची गरज नाही. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे शाळेचे फाटक बंद झाले, लहान वर्गांसाठी ते डिसेंबर २०२१ मध्ये उघडले, जानेवारीत पुन्हा लागले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये कायमचे उघडले. या काळात माझी मुलगी तिसरी आणि चौथी घरीच शिकली आणि मी दोन्ही वर्षांची फी भरली. त्या फीच्या मोबदल्यात काय मिळाले आणि फी घेणाऱ्यांचा व्यवहार कसा होता, एवढ्यापुरताच हा अभिप्राय आहे.

सुरुवात २०१९-२० च्या पावतीपासून करावी लागेल, कारण पुढचे सारे तिच्यावर उभे आहे. त्या वर्षी एकूण फी ६७,००० रुपये होती आणि पावतीवर तिची फोड स्पष्ट छापलेली होती : शिकवणी शुल्क ४६,०००, सत्र शुल्क ८,०००, संगणक आणि स्मार्टबोर्ड ५,५००, क्रीडा आणि उपक्रम ४,५००, ग्रंथालय आणि प्रयोगशाळा ३,०००. दुसरीतल्या मुलीला प्रयोगशाळा कशाला लागते, हे मी तेव्हा विचारले नाही. आपण पालक पावती वाचतो ती बहुधा खालून, फक्त बेरीज पाहण्यासाठी. बसचे पैसे वेगळे असत. बंदच्या काळात शाळेने ते घेतले नाहीत आणि त्याबद्दल कोणालाही मागे लागावे लागले नाही.

जून २०२० मध्ये नव्या वर्षाची फी भरण्याची सूचना भ्रमणध्वनीवर आली. तिच्यात एकच ओळ होती : ‘एकत्रित वार्षिक शुल्क, रु. ६७,०००’. फी वाढवलेली नव्हती, हे खरे. परंतु आदल्या वर्षीच्या पाच बाबी विरघळून एक झाल्या होत्या, आणि जिथे बाबच नाही तिथे ‘ही सुविधा आम्ही वापरली नाही, ती वजा करा’ असे म्हणायला जागा उरत नाही. ८ मे २०२० च्या शासन निर्णयाने २०२०-२१ साठी फीवाढ करू नये, हप्त्यांची सोय द्यावी आणि ज्या सुविधा वापरल्या जाणार नाहीत त्यांच्यापुरती फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीने ठराव करून कमी करावी, असे सुचवले होते. संस्थाचालक त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि २६ जूनला त्या निर्णयाला स्थगिती मिळाली. आमच्या शाळेने ती स्थगितीची बातमी पालकांना ज्या तत्परतेने पाठवली, त्या तत्परतेने मूळ शासन निर्णय मात्र पाठवला नव्हता.

आता शिकवण्याविषयी लिहितो, कारण तिथे माझी तक्रार जवळजवळ नाही. तिसरीच्या वर्गशिक्षिका बाईंनी पहिले दोन आठवडे चाचपडत काढले. आवाज तुटे, फळा उलटा दिसे, चाळीस मुले एकदम ‘मिस, मिस’ करत. त्यानंतर त्यांनी वर्गाचे दोन गट केले आणि एकाच दिवशी तोच धडा दोनदा शिकवू लागल्या. केंद्राच्या जुलै २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पहिली ते आठवीला दिवसाला ३० ते ४५ मिनिटांच्या दोनच तासिका घ्यायच्या होत्या. बाईंनी ती मर्यादा पाळली आणि उरलेले काम मुलांना स्वयंपाकघरात दिले. गुणाकारासाठी राजम्याच्या ओळी, वजनासाठी डाळीच्या पुड्या, धारकतेसाठी आमटीची पळी आणि पाण्याचा तांब्या. आमच्या घरात एका पातेल्यात किती पळ्या मावतात याचा तक्ता फ्रिजवर महिनाभर चिकटवलेला होता. शनिवारी बाई पाच-सहा मुलांना स्वतः फोन करत आणि अभ्यासाऐवजी ‘आज काय खाल्लेस’ असे विचारत. हे कोणत्याही परिपत्रकात नव्हते. शिकवणी शुल्काचे ४६,००० रुपये मी या बाईंकडे पाहून भरले आणि ते पुन्हाही भरेन.

मात्र ते पैसे त्यांच्यापर्यंत पोहोचले नाहीत. दिवाळीनंतर बाईंनी शाळा सोडली. निरोप घेताना त्यांनी सांगितले की एप्रिलपासून निम्मा पगार मिळत होता आणि इंटरनेटचा खर्चही ज्याचा त्याने करायचा होता. पुढे आणखी दोन शिक्षिकांकडून हेच ऐकले. पालकांकडून पूर्ण फी आणि शिक्षकांना अर्धा पगार, या दोहोंच्या मधले पैसे कुठे गेले, हा प्रश्न मी लेखी विचारला. ‘आपले पत्र व्यवस्थापनाकडे पाठवले आहे’ असे उत्तर आले. व्यवस्थापन या शब्दाला दार असते की नाही, हे मला आजवर कळलेले नाही.

फी कार्यालयाचा अनुभव याहून वाईट होता. हप्ते मागितले तर मिळत, पण मागावे लागत. आणि उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क लागे. आमच्याच इमारतीतील एक गृहस्थ बाहेरगावच्या विद्यार्थ्यांसाठी खाणावळ चालवत. विद्यार्थी गावी परतले आणि खाणावळ बसली. त्यांचा मुलगा पाचवीत होता. सप्टेंबरच्या एका सोमवारी त्याला वर्गाच्या गटातून काढून टाकण्यात आले आणि तासिकेची लिंक येईनाशी झाली. कोणी काही बोलले नाही, पत्र आले नाही. फक्त लिंक आली नाही. दहा वर्षांचा मुलगा सकाळी गणवेशाचा शर्ट घालून फोनसमोर बसतो आणि फोन वाजत नाही, हे दृश्य त्याच्या आईने मला सांगितले तेव्हा मी गप्प राहिलो. आम्ही अकरा पालकांनी एकत्र सही करून पत्र दिल्यावर दोन आठवड्यांनी त्याला परत घेतले. शाळेचे गुण कापायचे झाले तर मी सर्वाधिक गुण इथे कापीन.

महाराष्ट्रात फीचे नियमन करणारा २०११ चा कायदा आहे आणि त्यात पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीला बरेच अधिकार आहेत. तिचे पालक-सदस्य सोडतीने निवडायचे असतात आणि फीचा प्रस्ताव संबंधित नोंदींसह समितीपुढे ठेवायचा असतो. आमच्या शाळेत सोडत झाली तेव्हा आपण त्या सभेला गेलो नव्हतो, असे विचारलेल्या प्रत्येक पालकाने मला सांगितले. मीही गेलो नव्हतो. त्यामुळे २०२०-२१ ची फी समितीने मंजूर केली आहे असे कार्यालयाने म्हटले, तेव्हा ती कोणी आणि कोणत्या हिशेबावर मंजूर केली हे विचारण्याचा नैतिक अधिकार आमच्याकडे थोडा लंगडाच होता. सभेचे इतिवृत्त मागितले. ते सूचना फलकावर लावले असल्याचे उत्तर मिळाले. फलक बंद फाटकाच्या आत होता.

३ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील शाळांच्या प्रकरणात निकाल दिला. न्या. अजय खानविलकर आणि न्या. दिनेश माहेश्वरी यांच्या पीठाने २०२०-२१ च्या वार्षिक फीमध्ये १५ टक्के कपात करायला सांगितले आणि फी थकली म्हणून कोणत्याही विद्यार्थ्याला वर्गापासून वंचित ठेवू नये, त्याचा निकाल अडवू नये, असेही बजावले. न्यायालयाचे म्हणणे असे की बंदच्या काळात इंधन, वीज, पाणी, देखभाल, लेखनसामग्री यांवरचा शाळांचा खर्च वाचला असणारच. पण तो नेमका किती वाचला याची आकडेवारी कोणत्याही बाजूने समोर ठेवली नाही, म्हणून १५ टक्के हा आकडा गृहीत धरावा लागला. हे वाचून मला आमच्या फलकाची आठवण झाली. देशातल्या सर्वोच्च न्यायालयालाही शाळेची वही न पाहताच अंदाज करावा लागत असेल, तर मला उत्तर न मिळाल्याचे फार वाईट वाटून घेण्यात अर्थ नव्हता.

पुढे १२ ऑगस्ट २०२१ च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रातही २०२१-२२ साठी १५ टक्के कपात लागू केली आणि जास्त भरलेली रक्कम परत करावी किंवा पुढील फीत वळती करावी, असे सांगितले. ६७,००० चे १५ टक्के म्हणजे १०,०५० रुपये. आमच्या शाळेने बरेच महिने विषय न्यायप्रविष्ट असल्याचे सांगितले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये ६,९०० रुपये वळते केल्याची पावती दिली. हा आकडा आला कुठून, हे पाहण्यासाठी मी पावती या वेळी वरून वाचली. दीड वर्ष ‘एकत्रित’ असलेले शुल्क पुन्हा पाच बाबींत फुटले होते आणि १५ टक्के फक्त शिकवणी शुल्कावर काढले होते. म्हणजे बंदच्या काळात जी एकमेव गोष्ट आम्हाला खरोखर मिळाली, तिच्यातून कपात झाली. आणि कुलूपबंद मैदान, कुलूपबंद ग्रंथालय, कोऱ्या स्मार्टबोर्डांचे पैसे पूर्णच राहिले. वजाबाकी टाळायची तेव्हा फोड नाहीशी आणि वजाबाकी लहान करायची तेव्हा फोड हजर, या हिशेबचातुर्याला मात्र दाद द्यावी लागेल.

शाळेची बाजू अगदीच पोकळ आहे असे मी म्हणणार नाही. इमारतीच्या कर्जाचे हप्ते मुले आली नाहीत म्हणून थांबत नाहीत. शिक्षण हक्क कायद्याखाली दुर्बल घटकांतील मुलांसाठी राखीव असलेल्या २५ टक्के जागांच्या फीची प्रतिपूर्ती शासनाकडून वेळेवर येत नाही, ही राज्यभरच्या संस्थाचालकांची जुनी तक्रार आहे आणि ती रास्त आहे. ज्यांचे पगार चालू होते असे काही पालकही त्या काळात मुद्दाम फी थकवून बसले होते, हे आमच्या गटात सर्वांना ठाऊक होते. यातली प्रत्येक अडचण शाळेने जमाखर्चाच्या दोन पानांसह मांडली असती, तर पूर्ण फी भरायला मी तरी कुरकुर केली नसती. आमच्याशी मात्र ती स्मरणपत्रे आणि विलंब शुल्क यांच्याच भाषेत बोलत राहिली.

नव्याने प्रवेश घेणाऱ्यांनी विचारले तर शिकवण्यासाठी मी या शाळेचे नाव आजही सुचवतो. नंतर आलेल्या शिक्षिकाही चांगल्या निघाल्या. पण प्रवेश अर्जासोबत मागील तीन वर्षांच्या पावत्या कोणा जुन्या पालकाकडून मागून घ्या आणि जूनमध्ये कार्यकारी समितीच्या सोडतीची सूचना आली की अर्ज जरूर भरा. मी २०२२ मध्ये भरला होता, नाव निघाले नाही. उरलेल्या ३,१५० रुपयांसाठी तीन पत्रे दिली. तिसऱ्याची पोच मिळाली. २०२२-२३ ची पावती आली तेव्हा मुलगी पाचवीत रोज शाळेत जाऊ लागली होती आणि बाबी पाचाच्या सहा झाल्या होत्या. सहावी होती ‘ऑनलाइन शिक्षण सुविधा’, २,४०० रुपये.