सत्तरीनंतर मुंबईत गाडी: स्वतः चालवावी, ऑटोमॅटिक घ्यावी, ड्रायव्हर ठेवावा की टॅक्सी?

बंपरला ओरखडा पडला की घरात विषय निघतोच. मुलं म्हणतात, ‘बाबा, आता पुरे.’ बाबा म्हणतात, ‘चाळीस वर्षं चालवतोय.’ दोघंही वर्षंच मोजतात, आणि वर्षांवरून फारसं काही ठरत नाही. साठीतच नजर अधू झालेली माणसं असतात, तशी अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी व्यवस्थित गाडी चालवणारीही असतात.

भारतात खासगी गाडी चालवायला कमाल वयाची अट नाही. पंचावन्ननंतर लायसन्स दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, आणि चाळिशी ओलांडलेल्यांना डॉक्टरांच्या सहीचं वैद्यकीय प्रमाणपत्र (फॉर्म १ए) जोडावं लागतं. पण मुदत संपून वर्ष उलटलं नसेल, तर गाडी चालवून दाखवावी लागत नाही. जपानमध्ये पंचाहत्तरीनंतर नूतनीकरणाच्या वेळी स्मृती आणि आकलनाची चाचणी होते. ठरावीक नियमभंग केलेल्या त्या वयाच्या चालकांना २०२२पासून प्रत्यक्ष गाडीही चालवून दाखवावी लागते. आपल्याकडे ही पारख घरच्यांनाच करायची आहे, म्हणून ती भांडणाच्या सुरात होऊ नये.

आधी ही तपासणी

भर उजेडात, चष्मा लावून, २५ मीटरवरच्या गाडीची नंबरप्लेट वाचता आली पाहिजे. लायसन्सच्या अर्जातला निकष हाच आहे. पण दिवसा प्लेट वाचता आली म्हणून रात्रीची खात्री देता येत नाही. वयानुसार बाहुली लहान राहते, भिंग पिवळसर होतं, आणि समोरून अपर मारत गाडी आली की दिपलेले डोळे सावरायला जास्त वेळ लागतो. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर दिव्यांभोवती वलयं दिसतात. काचबिंदूत बाजूची नजर जाते आणि माणसाला ते लवकर कळतही नाही. त्यामुळे चष्म्याच्या दुकानातली तपासणी पुरेशी नाही. वर्षातून एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन नजरेची व्याप्ती मोजून घ्यावी.

मान दोन्ही खांद्यांच्या दिशेने पुरेशी वळते का, तेही पाहा. मधुमेह जुना असेल तर तळपायाची संवेदना तपासून घ्या, कारण बधिर पायाला तो कोणत्या पेडलवर आहे हे नीट कळत नाही. शेवटी औषधं. झोपेच्या गोळ्यांचा अंमल सकाळपर्यंत राहू शकतो, सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते, आणि इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी घेऊन जेवण लांबलं तर साखर गाडी चालवतानाच उतरू शकते.

ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणं, फिट येणं, क्षणभर शुद्ध हरपणं यांपैकी काहीही झालं असेल, तर डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत गाडी बंद.

आहे तीच मॅन्युअल गाडी, पण मर्यादा आखून

तपासणीत मोठं काही निघालं नाही, तर हा पर्याय पहिला, असं आमचं स्पष्ट मत आहे. हात-पाय सवयीने काम करतात, आणि नव्या गाडीशी जुळवून घेण्याचा धोका नसतो. मर्यादा मात्र नेमक्या हव्यात. ‘जपून चालवा’ म्हणून काहीच बदलत नाही. सकाळी अकरा ते चार या वेळेतच गाडी काढायची. अंधार पडल्यावर नाही, आणि पावसाळ्यात रात्री तर मुळीच नाही, कारण ओल्या रस्त्यावर दिव्यांचं प्रतिबिंब पडलं की लेनचे पट्टे दिसेनासे होतात.

वयस्कर चालकांना सर्वांत अवघड जातं ते सिग्नल नसलेल्या चौकातलं उजवं वळण. समोरच्या गाडीचा वेग, मधल्या फटीतली दुचाकी आणि रस्ता ओलांडणारी माणसं, तिन्हींचा अंदाज एकाच वेळी घ्यावा लागतो. तेव्हा बाणाचा सिग्नल असलेला चौक निवडावा, किंवा पुढे जाऊन तीनदा डावीकडे वळून त्याच रस्त्याला लागावं.

कोस्टल रोडची अनेकांना धास्ती वाटते. पण सरळ, चौक नसलेला रस्ता मुळात सोपा असतो. तिथे अवघड जागा दोन. एक म्हणजे हाजी अलीपाशी वेगातल्या रहदारीत शिरणं. दुसरी, प्रियदर्शिनी पार्क ते गिरगाव चौपाटी हा सुमारे २ किलोमीटरचा बोगदा, कारण उन्हातून आत शिरताना डोळ्यांना स्थिरावायला वेळ लागतो. मोकळ्या रस्त्यावर वेगमर्यादा ८० असली तरी बोगद्यात ती ६० आहे. तोंडाशी पोहोचण्याआधीच वेग उतरवा आणि गॉगल काढून नेहमीचा चष्मा लावा.

ऑटोमॅटिक

डावा गुडघा झिजलेला असेल आणि रोज एलबीएस मार्गासारख्या गर्दीतून जायचं असेल, तर क्लचपासून सुटका हे मोठं सुख आहे. म्हणून मुलं हौसेने ऑटोमॅटिक घेऊन देतात. पण त्यातला एक धोका क्वचितच कोणी सांगतं.

मॅन्युअल गाडीत चुकून ॲक्सिलरेटर दाबला गेला तरी डावा पाय क्लचवर असेल तर चाकांना जोर पोहोचत नाही. ऑटोमॅटिकमध्ये तो अडसरच नाही. गाडी उसळते, माणूस दचकतो, आणि ब्रेकच दाबतोय अशा समजुतीने तेच पेडल आणखी जोरात दाबतो. रिव्हर्स घेताना हे होण्याची शक्यता जास्त, कारण मागे बघायला अंग वळलं की उजवा पायही जागेवरून सरकतो. सोसायटीचा रॅम्प आणि खांबांमधली पार्किंग म्हणजे नेमकी हीच जागा. तळपाय बधिर असतील तर ऑटोमॅटिक घेऊ नका, आणि खरं तर मॅन्युअलही चालवू नका.

घ्यायचीच असेल तर एएमटीपेक्षा (मॅन्युअलचाच गिअरबॉक्स, फक्त क्लच आणि गिअर यंत्र सांभाळतं) सीव्हीटी किंवा टॉर्क कन्व्हर्टर (झटके कमी देणारे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) बरा. बहुतेक एएमटी गाड्यांना ‘पी’ (चाकं अडकवणारा पार्किंगचा गिअर) नसतो, त्यामुळे हँडब्रेक विसरला की उतारावर गाडी सरकू शकते. हिल होल्ड (चढावर ब्रेक सोडल्यावर गाडी क्षणभर धरून ठेवणारी सोय) आणि मागचा कॅमेरा हवाच. पहिले पंधरा दिवस रविवारी सकाळी मोकळ्या रस्त्यावर सराव करावा. डावा पाय कायम फूटरेस्टवर, उजवी टाच ब्रेकच्या समोर जमिनीला टेकलेली, आणि पायात चपलेऐवजी पट्ट्याची सँडल किंवा बूट.

ड्रायव्हर

रोज ठरल्या वेळी जायचं असेल, किंवा घरात डायलिसिस-फिजिओथेरपी चालू असेल, तर हा पर्याय पैसा वसूल आहे. आठवड्यात दोनच फेऱ्या असतील तर महिन्याचा पगार देण्यात अर्थ नाही, तासांवर मिळणारा ड्रायव्हर पुरतो. विम्यात पगारी ड्रायव्हरसाठीचं आयएमटी २८ हे कलम जोडून घ्या, त्याचा खर्च नगण्य आहे. मागच्या सीटवरही पट्टा लावायलाच हवा. उतारवयात छातीची हाडं ठिसूळ झालेली असतात, आणि तरुणाला नुसता मुका मार देणारा धक्का इथे बरगड्या मोडतो.

टॅक्सी, रिक्षा, मेट्रो

फेब्रुवारी २०२५पासूनच्या दराने काळी-पिवळीला पहिल्या दीड किलोमीटरचे ३१ रुपये आणि पुढे किलोमीटरला २०.६६ रुपये पडतात. म्हणजे ८ किलोमीटरला सुमारे १६५, जाऊन-येऊन ३३०. महिन्यात अशा बारा फेऱ्या केल्या तरी चार हजारांच्या आत. विमा, पार्किंगचं भाडं, सर्व्हिसिंग आणि उभ्या उभ्या उतरलेली बॅटरी यांच्याशी हा आकडा ताडून पाहा. वांद्रे-सायनच्या दक्षिणेला रिक्षा नाही, हे लक्षात ठेवून हिशोब मांडा. मेट्रो ३मुळे गिरगाव, दादर, सिद्धिविनायकला जाणं बरंच सोपं झालं आहे. मात्र स्टेशनची लिफ्ट कोणत्या दाराशी आहे, हे एकदा कोणीतरी सोबत जाऊन दाखवावं.

या पर्यायाची खरी अडचण पैशांची नाही. गाडी सुटली की बरीच माणसं बाहेर पडणंच सोडतात, आणि गाडी सोडणं व नैराश्य यांचा संबंध संशोधनात वारंवार दिसला आहे. म्हणून चावी लपवणं हा सर्वांत वाईट मार्ग. मुलीने किंवा मुलाने तासभर शेजारी बसावं, मध्ये बोलू नये, आणि लेन सुटते का, ब्रेक उशिरा लागतो का, मागचे किती वेळा हॉर्न मारतात, एवढंच टिपावं. मग आकड्यांवर बोलता येतं.

गाडी लगेच विकू नका. एक पूर्ण महिना चावी कपाटात ठेवून टॅक्सी-मेट्रोने फिरा आणि वहीत दोन रकाने करा: खर्च किती झाला, आणि कुठलं जाणं रद्द करावं लागलं. दुसरा रकाना भरत गेला, तर तेवढ्या फेऱ्यांसाठी ड्रायव्हर बघा.