‘अनलिमिटेड’ शेअर्ड होस्टिंगमध्ये २५०.५१ डॉलर गेले, ते असे

आधी हिशेब. छत्तीस महिन्यांचं शेअर्ड होस्टिंग (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट), महिना २.९९ प्रमाणे एकरकमी १०७.६४ डॉलर. एसएसएल सर्टिफिकेट (पत्त्यात ‘एचटीटीपीएस’ येण्यासाठी लागतं ते) ६९.९९. रोजच्या बॅकअपचे वर्षाला २३.८८. शेवटी, त्यांनीच बंद केलेल्या खात्यातून आपल्याच फाइली बाहेर काढायला ४९.००. एकूण २५०.५१. परत आला नाही एक सेंटही.

पहिली मुदत स्वस्त, नूतनीकरण चौपट, चेकआउटवर आधीच टिक करून ठेवलेल्या जादा सेवा, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मलाही होतं. नको त्या टिका काढल्या होत्या, नूतनीकरणाचा दरही वाचला होता. एसएसएल विकत घेतलं म्हणून मला कोणी शहाणपण शिकवू नये. लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट २०१५ च्या अखेरीपासून फुकट मिळतं हे मला माहीत होतं, पण या प्लॅनमध्ये सीपॅनेलमधलं (होस्टिंग चालवायच्या पानावरचं) ऑटोएसएसएल, म्हणजे सर्टिफिकेट आपोआप लावणारी सोय, मुद्दाम बंद ठेवलं होतं. दर नव्वद दिवसांनी हाताने सर्टिफिकेट चिकटवत बसायचं नसेल तर त्यांचंच घ्या, असा तो सापळा. पैसे भरण्याआधी एवढं लेखी विचारा: ऑटोएसएसएल चालू आहे का?

आता तो क्षण, जो अजून डोक्यातून जात नाही. खरेदीआधी चॅटवर चार प्रश्न विचारले होते. एंट्री प्रोसेस (एकाच क्षणी चालणाऱ्या विनंत्या) किती? मेमरी किती? आयनोडची, म्हणजे फाइलींच्या संख्येची, मर्यादा किती? एसएसएच (सर्व्हरवर दुरून आज्ञा देण्याची सोय) मिळेल का? चारही प्रश्नांना मिळून एकच उत्तर आलं: सगळं अनलिमिटेड आहे, लारावेल (माझं ॲप्लिकेशन ज्यात लिहिलं होतं ती पीएचपीची चौकट) चालतं, निश्चिंत राहा. एसएसएच असतं किंवा नसतं, ते ‘अनलिमिटेड’ कसं असेल? समोरच्याने प्रश्न वाचलाच नव्हता, किंवा वाचून टाळला होता. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं आकड्यांतच देता येतात. आकडा विचारल्यावर विशेषण आलं, तिथेच टॅब बंद करायला हवा होता. तो केला नाही.

दुसरी संधी पहिल्याच लॉगिनला होती. सीपॅनेलच्या उजव्या पट्टीत सगळं लिहिलेलं असतं: एंट्री प्रोसेस ०/२०, फिजिकल मेमरी ०/१ जीबी, प्रोसेस ०/१००, आयओ (डिस्कवर वाचणं-लिहिणं) सेकंदाला १ एमबी. हे क्लाउडलिनक्सचे (प्रत्येक खात्याला मर्यादा घालणाऱ्या सर्व्हर प्रणालीचे) नेहमीचे मूळ आकडे आहेत, कंपनीने त्यांत पैशाचीही भर घातलेली नव्हती. पण त्याच पट्टीत वर डिस्कपुढे अनंताचं चिन्ह असतं आणि नजर तिथेच थांबते. ही पट्टी पहिल्या दिवशी शेवटपर्यंत वाचा आणि तारखेसह स्क्रीनशॉट काढून ठेवा.

वीस एंट्री प्रोसेस म्हणजे वीस माणसं नव्हेत. एका क्षणी चालू असलेल्या वीस विनंत्या. विनंतीला २०० मिलिसेकंद लागत असतील तर सेकंदाला शंभर निघतात, एखादी क्वेरी रेंगाळून दोन सेकंद घेत असेल तर फक्त दहा. त्यापुढे पानाऐवजी ५०८ हा एरर, ‘रिसोर्स लिमिट इज रीच्ड’. शिवाय एका पीएचपी प्रोसेसने ६४ एमबी घेतली तर १ जीबी सोळा प्रोसेसमध्येच संपते, म्हणजे ते वीसही पूर्ण मिळत नाहीत. मेमरी संपली की ५०० किंवा ५०३ येतो आणि सपोर्टवाले बिनदिक्कत ‘तुमच्या कोडमध्ये चूक आहे’ असं कळवतात. त्यांना सीपॅनेलच्या ‘रिसोर्स युसेज’मधला आलेख पाठवा. कोणत्या मर्यादेला किती वेळा धडक बसली (‘फॉल्ट’), ते तिथे मोजून दिलेलं असतं.

पैसे परत मिळण्याची मुदत तीस दिवस. रिकामं ॲप्लिकेशन तीस दिवस कुठेही सुखाने चालतं. खरे वापरकर्ते आले चौतिसाव्या दिवशी आणि दुपारपर्यंत ५०८ सुरू झाला. म्हणून ॲप्लिकेशन चढवल्याच्या दिवशीच अपाची बेंच या भार-चाचणीच्या साधनाने एकावेळी पंचवीस अशा दोनशे विनंत्या मारून बघा. काही सेकंदांचं काम आहे. स्थिर चित्रावर मारू नका, डेटाबेसला हात घालणाऱ्या पानावर मारा.

डिप्लॉयमेंटमध्येही, म्हणजे कोड सर्व्हरवर चढवतानाही, यांचं ‘लारावेल चालतं’ किती पोकळ होतं ते बघा. त्यांच्या मदतलेखात सगळा प्रोजेक्ट पब्लिक एचटीएमएलमध्ये (जगाला उघड्या फोल्डरमध्ये) टाका असं लिहिलं होतं. तसं केलं तर डेटाबेसच्या पासवर्डसकट ‘डॉट ईएनव्ही’ फाइल ब्राउझरमधून उघडू शकते. कोड त्या फोल्डरच्या बाहेर ठेवायचा आणि डॉक्युमेंट रूट (डोमेन जे फोल्डर उघडतं ते) प्रोजेक्टच्या ‘पब्लिक’कडे वळवायचा. मुख्य डोमेनचा रूट बदलू देत नसतील तर फक्त ‘पब्लिक’मधल्या फाइली तिथे ठेवून इंडेक्स फाइलमधले पाथ बदलायचे. अपलोड केलेल्या फाइलींचं फोल्डर ‘पब्लिक’ला जोडणारी स्टोरेज लिंकची आज्ञा फसली, कारण पीएचपीतलं सिमलिंक (जोड तयार करणारं) फंक्शन बंद होतं. अशा वेळी सहसा एसएसएचवरून लिंक करतात, आणि एसएसएच या प्लॅनमध्ये नव्हतंच. क्यूचा, म्हणजे रांगेत ठेवलेली कामं उरकणारा, कायम चालणारा वर्कर मारला जातो, त्यामुळे क्रॉनमधून (ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या सोयीतून) काम संपलं की थांबणारा वर्कर लावायचा. क्रॉनमध्ये पीएचपीचा पूर्ण पाथ द्या. वेबला ८.२ आणि कमांड लाइनला जुनी आवृत्ती हा घोळ नेहमीचा. फ्रंटएंडचं (ब्राउझरमध्ये दिसणाऱ्या भागाचं) बिल्ड आपल्या मशीनवरच करा, १ जीबीत ते मध्येच ‘किल्ड’ होतं, आणि त्या बिल्डला लागणाऱ्या नोड मॉड्यूल्सच्या हजारो फाइली आयनोड खातात त्या वेगळ्याच.

आयनोडनेच शेवट केला. सेशन (प्रत्येक भेटीची नोंद) फाइलमध्ये ठेवलेली होती, प्रत्येक बॉट एकेक फाइल टाकून जात होता. अडीच लाखांची मर्यादा वापराच्या अटींत आत कुठेतरी होती. ती ओलांडताच खातं बंद. सेशन डेटाबेसमध्ये ठेवा. आणि ज्याचे २३.८८ भरले तो बॅकअप? एक लाखापेक्षा जास्त फाइली असलेल्या खात्याचा बॅकअप घेतला जात नाही, हे कलम पैसे घेताना कोणी दाखवलं नाही. डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रत) रोज दुसऱ्या ठिकाणी पाठवा, त्याच सर्व्हरवरचा डंप बॅकअप नव्हे. माझा तसा नव्हता, म्हणून ४९ डॉलर मोजावे लागले.

मग तक्रारी. सपोर्टने सहा तिकिटं ‘सोडवली’ म्हणून बंद केली, सहाही वेळा तेच तयार उत्तर: महिना २९.९९ चा प्लॅन घ्या. कार्डाच्या बँकेने सांगितलं की सेवा मिळालेली आहे, कंपनीने लॉगिनची नोंद दाखवली. अरे, लॉगिन करूनच तर कळलं की विकलेली वस्तू ही नव्हे! बँकेत पैसे परत मागण्याच्या वादाचा फॉर्म भरताना ‘सेवा मिळाली नाही’ हे कारण निवडलं होतं, ते चुकलं. ‘वर्णनाप्रमाणे नाही’ निवडायचं आणि विक्रीचं पान व चॅट सोबत जोडायचं. हा फरक बँकेतल्या एकाही माणसाने सांगितला नाही, तीन फोन झाले तरी. सायबर तक्रार घेणाऱ्यांनी हा दिवाणी मामला ठरवला, ग्राहक तक्रार घेणाऱ्यांनी कंपनी दुसऱ्या देशात आहे म्हणून हात झटकले. प्रत्येकाने दुसऱ्याचं दार दाखवलं, आणि प्रत्येक दारात तेच कागद नव्याने मागितले. अटींच्या चाळीस पानांखाली टिक केली म्हणजे लेखी खोटं बोलायचा परवाना मिळतो का, याचं उत्तर एकानेही दिलं नाही. आयकॅनकडे (जगभरच्या डोमेन नावांची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेकडे) जाऊ नका, होस्टिंग त्यांच्या कक्षेत येत नाही.

‘डॉट कॉम’सारखं डोमेन मात्र येतं. होस्टिंगसोबत मिळणारं ‘फुकट’ डोमेन घेऊ नका, घेतलं असेल तर नोंदणीत मालक म्हणून कोणाचं नाव आहे ते आजच पाहा. नोंदणीनंतर सहसा साठ दिवस ते दुसऱ्या रजिस्ट्रारकडे (डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडे) हलवता येत नाही. त्यानंतर ऑथ कोड (हलवायला लागणारा गुप्त कोड) मागितल्यापासून पाच दिवसांत देणं रजिस्ट्रारवर बंधनकारक आहे. टाळाटाळ झाली तर मागणीच्या तारखेचा ईमेल जोडून आयकॅनकडे तक्रार करा. फोनवर मागू नका.